सड्यावर ‘एनए’ देण्याआधी पाणी आणि वाट तपासा

मा. संपादक,

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी ओलांडल्यावर कणकुंबी, पारवाड, चिखलेपासून चोर्ला घाटापर्यंत जे सडे (जांभ्याची उघडी पठारे) लागतात, ते पावसाळी भटकंती करणाऱ्यांचे जितके लाडके, तितकेच रिसॉर्ट बांधणाऱ्यांचेही. दरीच्या कडेची सपाट जागा, तोडायला झाडे नाहीत, गोवा जवळ. उताऱ्यावर पड जमीन, म्हणून एनएच्या (बिगरशेती परवानगीच्या) अर्जातही काही खटकत नाही.

पण सडा पड नसतो. वर जेमतेम बोटभर माती, खाली भोकाभोकांचा जांभा, त्याच्याही खाली शेडी, म्हणजे चिकणमातीचा थर. पाऊस जांभ्यातून झिरपतो, शेडीवर अडतो आणि आडवा सरकत पायथ्याच्या झऱ्यांतून बाहेर पडतो. खालच्या वाड्यांचे पाणवठे यावरच चालतात. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा. तीच पुढे सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थ धरण भरते. सपाटीकरणासाठी जेसीबीने कवच फोडले आणि लॉनसाठी वर लाल माती ओतली, की पहिल्याच पावसात ती माती झऱ्यांच्या तोंडाशी येते. सीतेची आसवे, गेंद ही फुले त्या बोटभर ओल्या थरातलीच. लॉनखाली ती उगवत नाहीत. म्हादई नदीचे नाव मिळालेला देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला उभयचर) २००७ साली जगापुढे आला, तो याच चोर्ल्यातून.

सर्वांत मोठा धोका मात्र सांडपाण्याचा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. हॉटेलसाठी खाटेमागे रोज १८० लिटर पाणी धरतात. ४० खोल्या, ८० माणसे, म्हणजे १४,४०० लिटर. त्यातले ८० टक्के धरले तरी साडेअकरा हजार लिटर सांडपाणी रोज तयार होणार. नकाशात सेप्टिक टँक आणि शोषखड्डा दाखवला की काम झाले, असे समजले जाते. पाणी मुरणाऱ्या खोल मातीत शोषखड्डा चालतो, कारण माती पाणी गाळते. जांभ्यात माती नाही, भोके आहेत. मैला न गाळता झऱ्यापर्यंत पोचतो. पावसाळ्यात तर खड्डाच खालून भरून वर येतो. शिवाय उन्हाळी सुट्टीची गर्दी एप्रिल-मेची, म्हणजे झरे सर्वांत आटलेले असतात तेव्हाची. त्याच वेळी रिसॉर्टची बोअरवेल जोरात चालणार.

‘पर्यावरण परवानगी लागेलच की’ असे म्हणणाऱ्यांनी आकडे पाहावेत. २००६ च्या अधिसूचनेनुसार ती परवानगी २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागते. ४० कॉटेज, प्रत्येकी ५० चौरस मीटर, बेरीज २,०००. मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यात सगळे बसते. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रासाठी केंद्राने काढलेल्या जुलै २०२४ च्या मसुद्यातली इमारतींवरची बंदीसुद्धा २०,००० पासूनच सुरू होते, त्यामुळे तो उद्या अंतिम झाला तरी असे रिसॉर्ट सुटणार. भीमगड अभयारण्याचे संरक्षण अभयारण्य आणि त्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रापुरते. मुख्य चाळण्या उरतात दोन: कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा एनए आणि ग्रामपंचायतीचा बांधकाम परवाना. म्हणून दिल्लीला निवेदने पाठवण्याआधी पंचायतीत जावे.

आमची मागणी मोजकी आहे. सड्याच्या माथ्यावर आणि कड्यालगत एनए देऊ नये. इतरत्र देताना खालचे झरे मे महिन्यात प्रत्यक्ष पाहून नकाशावर नोंदवावेत, शोषखड्डा मान्य करू नये, आणि प्रक्रिया केलेले पाणी पावसाळ्याचे चार महिने कुठे सोडणार हे लेखी घ्यावे. पाहुण्यांना आमचा विरोध नाही. गावठाणातल्या घरांत मुक्काम होऊ शकतो. तिथे विहीर आहे, रस्ता आहे, आणि पैसा गावात राहतो. (चिखलेच्या धबधब्यावर रविवारी बाटल्या टाकणारे आमच्यातलेच, हेही मान्य.)

रिसॉर्टच्या कुंपणाने बंद होऊ शकणाऱ्या वाटांचे काम मात्र गावकऱ्यांनाच करावे लागेल. गाव नकाशावर पायवाट तुटक रेषेने दाखवलेली असते. त्याची प्रत काढून ठेवा. सड्यावर उभे राहून कर्नाटक सरकारचे ‘दिशांक’ ॲप उघडले की त्या जागेचा सर्व्हे नंबर कळतो. वाट कोणाकोणाच्या नंबरातून जाते ते लिहून ठेवा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो. मालकाची परवानगी मागून केलेली ये-जा त्यात मोजत नाहीत. हा हक्क पलीकडे शेत असणाऱ्याचा. आम्हा भटक्यांचा नाही. कुंपण पडल्यावर गप्प बसून वर्ष घालवले तर अखंडपणा तुटला असे धरले जाते, म्हणून पहिल्याच आठवड्यात लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. हरकत मराठीत चालते. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. अर्जावर हे कलम लिहावे, म्हणजे टेबलावरून परत येणार नाही.

– पदभ्रमंती करणारे काही नागरिक,
बेळगाव व खानापूर