पायरीची उंची विचारणाऱ्या अरुशाच्या बंधूंस

आदरणीय बंधू,

सप्रेम नमस्कार.

परत येऊन नऊ दिवस झाले, तरी आईच्या चपलांच्या शिवणीत बसलेली टांझानियातल्या न्दुतूच्या माळांची राखाडी धूळ मी अजून झटकलेली नाही. आभाराचे पत्र लिहायला रोज बसते आणि दोन ओळींत गळा दाटून येतो, म्हणून आज निश्चयाने सविस्तर लिहीत आहे. मनातले नेमके मला मराठीतच लिहिता येते. याचा इंग्रजी अनुवाद तुम्हाला स्वतंत्रपणे पाठवीन. पण हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, कारण फेब्रुवारीत आफ्रिकेला जाण्याचा विचार करणारी आमच्याकडची आणखी काही घरे असतील आणि आम्ही आधी जे सोसले ते त्यांच्या वाट्याला येऊ नये असे मला मनापासून वाटते.

मी करसल्लागार आहे. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत विवरणपत्रांच्या आणि लेखापरीक्षणाच्या मुदती एकामागून एक येतात, त्यामुळे त्या चार महिन्यांत मला घरचे लग्नकार्यही धड गाठता येत नाही. मोकळा मिळतो तो फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. आईचे वय ७३, दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या, आणि आफ्रिकेतले कळप एकदा डोळ्यांनी पाहायचे ही तिची अनेक वर्षांची इच्छा. आमच्या शहरातील एका सहल कंपनीने फेब्रुवारीच्या त्याच तारखांना ‘मारा नदी ओलांडणारे लाखो प्राणी’ दाखवण्याचे छापील आश्वासन देऊन आगाऊ रक्कम घेतली. नदी ओलांडण्याचा काळ साधारण जुलै ते ऑक्टोबर असतो, हे वाचनात आल्यावर मी विचारायला गेले, तेव्हा ‘मॅडम, जनावरांना कॅलेंडर कळत नाही, नशिबात असेल तर दिसेल’ असे उत्तर मिळाले. रक्कम परत मागितली तर तीन महिने हेलपाटे घालून निम्मी हाती आली. दुसऱ्या एकाने तर आईच्या देखतच ‘या वयात कशाला ही हौस’ असे विचारले. त्या दिवशी रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, ‘राहू दे गं, टीव्हीवर बघतो की आपण.’ तिचा तो आवाज मी विसरणार नाही.

अशा मनःस्थितीत अरुशाला सफारी घडवणाऱ्या तुम्हाला लिहिले होते. तुमच्या पहिल्याच उत्तराचे पहिले वाक्य असे होते की, फेब्रुवारीत मी तुम्हाला नदी ओलांडणारे कळप दाखवू शकणार नाही. तेच पाहण्याची इच्छा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागात या, असेही तुम्ही लिहिले होते. हातात आलेले गिऱ्हाईक त्या एका वाक्याने निघून गेले असते आणि तुम्हाला त्याची जाणीव असणारच. त्यानंतर फेब्रुवारीत खरोखर काय घडते ते तुम्ही ज्या आत्मीयतेने समजावले, तसे मला कुणी समजावले नव्हते. विल्डबीस्ट या गाईएवढ्या शिंगाळू प्राण्याचे स्थलांतर हा एका महिन्याचा देखावा नसून वर्षभर चालणारे एक प्रचंड वर्तुळ आहे. पंधरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत झेब्रे व हरणे पावसामागून फिरत असतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसाने दक्षिणेकडची माळराने हिरवी झाली की कळप तिथे उतरतात आणि जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तिथेच वितात, त्यातही बहुतेक माद्या फेब्रुवारीतल्या अवघ्या दोन-तीन आठवड्यांत. तेच माळ का, हेही तुमच्यामुळेच कळले. न्गोरोंगोरोच्या डोंगराळ भागातील ज्वालामुखींची राख हजारो वर्षे वाऱ्याने तिथे आणून टाकली. त्या मातीतल्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, जे दूध पाजणाऱ्या मादीला हवेच असते. शिवाय जमिनीखालच्या कठीण थरामुळे झाडे वाढत नाहीत, गवत आखूड राहते आणि दबा धरून येणारी सिंहीण दुरून दिसते. माझ्या आईचे माहेर शेतकऱ्याचे. तिला हे वाचून दाखवले तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘बाळंतपणाला सकस ठिकाण निवडलंय.’ जायचे त्याच क्षणी ठरले.

आखणीतही तुम्ही स्वतःचा फायदा पाहिला नाहीत. आमच्या यादीत तारांगिरे राष्ट्रीय उद्यान होते. तिथे नदीकाठी हत्तींचे मोठे कळप जमतात ते कोरड्या महिन्यांत, जून ते ऑक्टोबरमध्ये. फेब्रुवारीत सगळीकडे पाणी असल्याने ते पांगलेले असतात, असे सांगून तुम्ही तो दिवस यादीतून काढला आणि न्दुतूच्या एकाच मुक्कामी चार रात्री ठेवल्या, म्हणजे आईला रोज सामान आवरून नव्या ठिकाणी जावे लागणार नव्हते. न्गोरोंगोरोच्या विवराची कडा सुमारे २,३०० मीटर उंचीवर असल्याने पहाटे शाल लागेल, गडद निळे आणि काळे कपडे नकोत कारण चावरी त्सेत्से माशी त्या रंगांकडे ओढली जाते, वाटेत स्वच्छतागृह किती तासांनी येईल, हे सारे तुम्ही न विचारता कळवलेत. आईची आवडती निळी इरकली साडी त्यामुळे कपाटातच राहिली.

परंतु ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले ती याहून लहान आहे. निघण्याच्या पाच आठवडे आधी तुम्ही विचारलेत की, तुमच्या घरच्या जिन्याची जी पायरी आई विनासायास चढतात तिची उंची किती आहे ते मोजून कळवाल का. मी चकित झाले. आई स्वतः काठी टेकत जिन्यापाशी आली आणि मी मोजपट्टी लावली. उंची १८ सेंटीमीटर भरली. दुसऱ्या दिवशी तुमचे छायाचित्र आले. तुमच्या लँड क्रूझरच्या दाराखालच्या पायरीला टेकवलेली पिवळी मोजपट्टी, तीवर तुमचा अंगठा, आणि अंगठ्याखाली ५४ हा आकडा. त्याखाली तुम्ही लिहिले होते की, सुताराला दोन पायऱ्यांचे स्टूल सांगितले आहे, १८ आणि ३६. तिसरी पायरी गाडीची, म्हणजे आईंना आपल्याच घराचा जिना चढल्यासारखे वाटेल.

तो फोटो पाहून आई बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून आत गेली आणि शालीला उन्ह दाखवायला काढून ठेवले. टीव्हीवर बघू असे म्हणणारी माझी आई त्या दिवसापासून गुडघ्यांचे व्यायाम न चुकता करू लागली.

किलिमांजारो विमानतळावर तुम्ही वाकून स्वाहिलीत ‘शिकामो’ म्हणालात. मी तुमचे पाय धरतो असा त्याचा मूळ अर्थ सांगतात, हे कळल्यावर आईला तुमचा देश परका वाटेना. तुम्ही मला ‘दादा’ म्हणायचात. आमच्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ आणि तुमच्याकडे बहीण, यावर आईला किती आनंद झाला होता ते तुम्ही पाहिलेच आहे. पुढचे सहा दिवस गाडी थांबली की तुम्ही खाली उतरून ते स्टूल मांडायचात, जमीन भुसभुशीत असेल तर पायाने दाबून पाहायचात, आधी स्वतः त्यावर उभे राहायचात आणि मगच आईला हात द्यायचात. दिवसातून दहा वेळा हे घडले असेल, पण एकदाही तुमच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला नाही.

न्दुतूच्या तिसऱ्या सकाळी एक मादी व्याली. न्दुतूचा तो भाग सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाबाहेर, न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात येत असल्याने रस्ता सोडून माळावर गाडी नेता येते, तरीही तुम्ही बरेच अंतर राखून इंजिन बंद केलेत, कारण गडबड झाली तर नवजात पिल्लू आईपासून तुटते. फिकट बदामी रंगाचे ते ओले पिल्लू पुढच्या पायांवर उठले, तोंडावर पडले, पुन्हा उठले, मागचे पाय फाकून डगमगत राहिले. आईने माझे मनगट घट्ट धरले होते. काही मिनिटांत ते उभे राहिले आणि धडपडत मादीमागे धावू लागले, तेव्हा आई पुटपुटली, ‘उठलं गं बाई वासरू. आपल्याकडं इतक्या लवकर नाही उठत.’ मागून आलेल्या दोन गाड्या जवळ जाऊ लागल्या तेव्हा तुम्ही हात करून त्यांना थांबवलेत, हेही मी पाहिले.

सेवेचे पैसे आम्ही दिलेच होते आणि आधीच्या त्या लोकांनाही दिले होते. त्यांना आमच्याकडून रक्कम हवी होती आणि तारीख हवी होती. आमच्या घरी कोण आहे, तिला चढता येईल का, तिने मनात काय धरले आहे, हे विचारायला त्यांच्यापाशी वेळ नव्हता. हजारो किलोमीटरांवरच्या, कधी न भेटलेल्या माणसाने मात्र आमच्या जिन्याची उंची विचारली. तुमच्यासारखी माणसे जगात आहेत याचा मला फार आधार वाटतो, आणि या पत्राने तो तुमच्यापर्यंत पोचवता येत असेल तर माझे समाधान होईल.

ते स्टूल स्मरण म्हणून कोल्हापूरला न्यावे असे मला वाटले होते, पण आईने नको म्हटले. ते गाडीतच राहू द्या, कुणाची तरी आई येईल, असा तिचा निरोप आहे. तुमच्या ‘शिकामो’ला उत्तर द्यायला तिने शिकलेला शब्दही या पत्रात आठवणीने लिहायला सांगितला आहे: मरहबा.

आपली कृतज्ञ,
तुमची कोल्हापूरची ‘दादा’