तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र : आमचे इंग्रजीचे तास परत द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
सविनय नमस्कार.

मी चिपळूण परिसरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यात आमची भाषा प्रयोगशाळा गेली. पाहणीला आलेल्या साहेबांनी सर्वांसमोर नवीन लॅबचा शब्द दिला होता. या आठवड्यात नोटीस लागली: लॅब नाही, प्रथम वर्षाचे इंग्रजीचे तासही निम्मे. उरलेलं मुलांनी व्हिडिओ बघून शिकायचं.

काय शिकणार? परवा मेकॅनिकलचा एक मुलगा प्रॅक्टिकलचा कागद घेऊन आला. गुहागरकडच्या वाडीतला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला. पिस्टन, टॉर्क, व्हॉल्व्ह सगळं तोंडपाठ. अडला तो 'सब्सिक्वेंट' (त्यानंतरचा) आणि 'अ‍ॅडजेसंट' (लगतचा) या शब्दांपाशी, त्यामुळे कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा तेच उमगेना. विषयाचे सर हे शब्द शिकवत नाहीत, त्यांना ते सोपे वाटतात. आणि इंग्रजीच्या तासाला आम्हाला बायोडेटा लिहून घ्यावा लागतो. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषा-अभ्यासक बाईंनी सगळ्या विषयांत भेटणाऱ्या असल्या शब्दांच्या ५७० कुळांची (मूळ शब्द आणि त्याची रूपं) यादी २००० सालीच करून ठेवली आहे. पण नुसती यादी वाटून भागत नाही. मुलांच्याच पुस्तकातला उतारा त्यांच्याकडून वाचून घ्यावा लागतो, लिहून घ्यावा लागतो, तोच शब्द चार ठिकाणी पुन्हा भेटवावा लागतो. सत्तर मुलांच्या वर्गात हे मी कधी करू?

सुट्टीत तास नाहीत म्हणून मला पैसे नाहीत. झालेल्या तासांचं मानधनही महिनोन्‌महिने अडकतं. घरभाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. प्राध्यापकपदासाठीची 'नेट' परीक्षा पास होऊन मी दुकानदाराकडे उधारी मागते, याची लाज मला का वाटावी?

२०२१ मध्येच मराठीतून अभियांत्रिकीची घोषणा झाली. आनंद आहे. मग संदर्भग्रंथ, मशीनची मॅन्युअल, मुलाखती मराठीत आणा. ते होत नसेल तर इंग्रजी नीट शिकवू द्या. दोन्ही नाही, आणि मुलं नापास झाली की कोकणातली पोरं कच्ची! उद्या हाच मुलगा लोट्याच्या एमआयडीसीत कामाला लागेल. रसायनाच्या पिंपावरची धोक्याची सूचना त्याला वाचता आली नाही तर जबाबदार कोण?

तास परत द्या. निम्म्या-निम्म्या मुलांच्या बॅचेस करा. कायम पदं भरा. 'प्रस्ताव विचाराधीन आहे' एवढंच उत्तर येणार असेल तर ते नको, मुलांची परीक्षा डिसेंबरात आहे.

तासिका तत्त्वावरील एक अध्यापिका,
चिपळूण