पागेसाहेब, माझ्या आजीच्या हजेरीबद्दल आभार

आदरणीय वि. स. पागे साहेब,

सादर नमस्कार.

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही. बाहत्तरच्या दुष्काळात माण तालुक्यातली माझी आजी खडी फोडायला जायची. तो दुष्काळ संपला, पण पुढे पाऊस हुकला की तुमच्या रोजगार हमी योजनेतून गावात पाझर तलावाचं, नालाबांधाचं, रस्त्याचं काम निघायचं आणि हजेरीपटावर तिचं नाव लागायचं. बाई म्हणून तिला दर कमी नव्हता. जेवढी माती उपसली, तेवढी मजुरी. त्या मजुरीवर तिने माझ्या वडिलांना शाळेत टिकवलं.

दुष्काळी कामं तर इंग्रजांच्या काळातही निघत. पण ती सरकारच्या मर्जीची. तुम्ही ती मर्जीच काढून टाकलीत, आणि माझ्या मते तुमच्या साऱ्या कारकिर्दीचं मोल इथे आहे. मजुराने काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. तासगाव तालुक्यात आधी प्रयोग करून पाहिलात, मग वसंतराव नाईकांच्या सरकारला पटवलंत. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

१९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षं तुम्ही विधान परिषदेचे सभापती होता. सभापतीला सभागृहात बाजू घेऊन भांडता येत नाही. तिथे बसून, मतांचा हिशेब नसताना, तुम्ही भूमिहीन मजुराचा विषय लावून धरलात. आमदारकी म्हटलं की आज मतदारसंघातली उद्घाटनंच डोळ्यांपुढे येतात, म्हणून हे मला फार मोठं वाटतं.

आणि पैसा? तो शहरांकडून आणलात. व्यवसाय कर त्यासाठीच आला, आणि अशा करांतून जेवढा पैसा जमेल तेवढाच राज्याने आपल्याकडूनही घालायचा असं ठरलं. आज माझ्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. ऑफिसात त्यावर कुरकुर होते, तेव्हा मी आजीची गोष्ट सांगते.

योजनेत खोटे हजेरीपट निघाले, मजुरी महिनोन् महिने रखडली, हेही आजीने सोसलं. तरी तहसील कचेरीसमोर बायाबापड्या ‘काम द्या’ म्हणून बसायच्या, त्या कायद्याच्या जोरावर. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याची वाट तुम्हीच आधी पाडून ठेवली होती. त्यात घरटी वर्षाला शंभर दिवसांची हमी होती, तुमच्या कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती.

आजीच्या, तिच्यासोबत पाट्या वाहिलेल्या बायांच्या आणि माझ्या वतीने मनापासून आभार.

आपली कृतज्ञ,
माणदेशातल्या एका रोजगार हमी मजुराची नात