बाटलीला दोरा बांधून देणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. कुणी कौतुक केलं की तुम्ही "कामच आहे की ओ ते" म्हणता आणि पुढच्या कॉटकडं जाता, हे मी पाहिलंय. पण हे पत्र कुणासाठी आहे ते तुम्हाला पहिल्या ओळीतच कळलं असणार. डोळ्याच्या ड्रॉपला सुताचा दोरा बांधून देणारी दुसरी सिस्टर सोलापुरात असेल असं मला वाटत नाही. मी सांगतोय आणि मुलगा मोबाइलवर लिहितोय, त्यामुळे चूकभूल त्याची.

आधी राग सांगून मोकळा होतो. सुगीला गावाकडं गेलो होतो, मंगळवेढ्याच्या अंगाला. कडब्याच्या पेंढ्या बांधताना ज्वारीचं वाळलेलं पान डाव्या डोळ्यावर सपकन बसलं. मेडिकलवाल्यानं डोळ्याकडं न बघताच ड्रॉप दिले. लाली जाईना म्हणून एका दवाखान्यात गेलो. तिथं बॅटरीसुद्धा मारली नाही, टेबलापलीकडूनच "खुपतंय का?" विचारलं आणि दुसरी बाटली लिहून दिली. त्यात स्टेरॉइड होतं हे फार उशिरा कळलं. लाली ओसरली, मी खूश, आणि आत बुरशी पसरत चाललेली. पाल्यापाचोळ्याचा मार लागला तर बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते आणि त्यात स्टेरॉइड पडलं तर बुरशीला रान मोकळं मिळतं. हे माझ्यासारख्या यंत्रमागावरच्या माणसाला ठाऊक नसेल. दारावर पाटी लावून बसलेल्याला ठाऊक नको? जखम भरली तेव्हा बुबुळाच्या मधोमध पांढरं फूल पडलं होतं. उजवा डोळा लहानपणापासूनच अधू. म्हणजे मी जवळजवळ आंधळाच झालो होतो, पण ज्यांच्यामुळं झालो त्यांना याची खबरही नसेल.

बुबुळ बदलायला नाव लावलं. डोळा मिळाला की फोन येईल, लगेच निघायचं, एवढंच सांगितलं होतं. तो फोन तुमचा आला. शुगर, बीपी, खोकला, सगळं विचारून झालं, डोक्यावरून अंघोळ करून या, परत लवकर मिळायची नाही, हेही सांगून झालं. मग तुम्ही विचारलंत, "काका, घरात विड्या वळतात का ओ?"

सिस्टर, इतक्या दवाखान्यांची पायरी चढलो, हे कुणीच विचारलं नव्हतं. आमच्या एका खोलीत बायको सूप मांडीवर घेऊन बसते आणि तंबाखूची धूळ चादरीवर, उशीवर, सगळीकडं असते. "विड्या बंद करा" म्हणणं सोपं होतं. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि मी घरी बसल्यावर चूल त्याच मजुरीवर पेटणार, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. "काकूंना शेजारच्या घरात बसता येईल का बघा, डोळा जरा बसेपर्यंत," एवढंच म्हणालात. शेजारणीनं ओटा दिला. तिचेही आभार मानले पाहिजेत, पण ती रोज भेटते.

ऑपरेशनबद्दल काय लिहू? डॉक्टरांना समक्ष हात जोडून आलोय. केसाहून बारीक दोऱ्याचे सोळा टाके म्हणे. जन्मभर मागावर तुटलेलं सूत जोडत आलो, असा दोरा मात्र ऐकला नव्हता.

आता दोऱ्याची गोष्ट. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तुम्ही तीन बाटल्या दाखवून कुठली किती वेळा टाकायची ते सांगितलंत. मी मान डोलावली. नंतर एक बाटली नाकाला चिकटवून बघत होतो तेव्हा तुम्ही दारातून पाहिलंत. मुलगा रात्रपाळीला, बायकोला वाचता येत नाही, आणि तिन्ही बाटल्या एकाच मापाच्या. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी पर्समधून टॉवेलचं जाड सूत काढलंत, म्हणालात, "आमच्याकडं पण माग होते काका." आणि कॉटच्या कडेला बसून एकेका बाटलीच्या गळ्याला दोरा बांधलात. सहा वेळा टाकायच्या बाटलीला सहा गाठी, चार वेळेच्या बाटलीला चार. नुसता डोळा ओला ठेवायच्या बाटलीला बिनगाठीचा दोरा. मग मला डोळे मिटायला लावून, बोटांनी चाचपून, कुठली कुठली ते तीन-तीनदा ओळखायला लावलंत. शेजारच्या कॉटवरच्या तेलुगू आजी हसत होत्या, त्यांनाही तुम्ही तेलुगूत काहीतरी सुनावलंत.

तपासणीला आलो की डॉक्टर डोस कमी करायचे आणि तुम्ही बाहेर येऊन नखानं एक गाठ सोडायच्या. बाटली संपली तर दोरा नव्या बाटलीला. आता सहाची एक गाठ राहिली आहे.

सहा गाठींच्या बाटलीत पुन्हा स्टेरॉइडच आहे हे मुलानं वाचून सांगितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. रात्री नऊला तुम्हाला फोन केला. घरच्या लोकांसारख्या वैतागल्या नाहीत. तुम्ही समजावलंत, तेव्हा आत बुरशी जिवंत होती म्हणून ते विष ठरलं, आता बुरशी नाही, आता शरीर या नव्या बुबुळाला परकं समजून नाकारू नये म्हणून तेच लागतं, मनानं बंद करायचं नाही. आणि डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट बघायची नाही. इतकं सरळ मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

यंदा गड्ड्याच्या जत्रेला गेलो नाही, धूळ आणि गर्दी नको म्हणून. लोक घरी येतात आणि विचारतात, "कुणाचा डोळा बसवला?" मी सांगतो, अख्खा डोळा कुणी बसवत नाही, बुबुळावरचा काचेसारखा पातळ पडदा तेवढा बदलतात. कुणाचा ते दवाखाना सांगत नाही. पण घरात माणूस गेलेलं, रडारड चाललेली, आणि त्यातल्या कुणीतरी सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन केला. त्या माणसाला मी कुठं शोधू? माणुसकी संपली म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही, त्यांना डावा डोळा दाखवतो. चष्मा असला, शुगर असली, मोतीबिंदू काढलेला असला तरी डोळे देता येतात, हेही सांगतो. आमच्या दोघांचे फॉर्म भरून झालेत.

मालकानं तूर्त घडी घालायच्या कामावर घेतलंय, गॉगल लावून. टॉवेलच्या काठाचा रंग ओळखू येतो. पुढच्या तपासणीला काही टाके काढायचे म्हणालेत. तुमची ड्यूटी सकाळची की दुपारची तेवढं कळवा. बायकोनं शेंगाचटणी कुटून ठेवलीय. तुम्ही "कशाला ओ काकू" म्हणणार, पण ती ऐकणार नाही.

आपला,
एक यंत्रमाग कामगार, सोलापूर