बर्फाखालची माती काय सांगते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं की हवामान लाखो वर्षं बदलतच आलंय, मग आत्ताच एवढं घाबरायचं कशाला. हवामान आधीपण बदलायचं हे खरंच आहे, पण तेव्हा समुद्र कुठपर्यंत आला होता हे कोणी विचारतच नाही.

१९६६ साली ग्रीनलँडमध्ये कॅम्प सेंचुरी या अमेरिकन लष्कराच्या तळावर बर्फात जवळजवळ १४०० मीटर ड्रिल करत गेले आणि तळाची गोठलेली मातीसुद्धा वर काढली. बर्फावर खूप संशोधन झालं, माती मात्र फ्रीझरमध्ये तशीच पडून, ती २०१७ मध्ये कोपनहेगनला परत हाती लागली आणि धुऊन बघितली तर आत काड्या, पानं, मॉस (शेवाळासारखी वनस्पती)! आज जिथे सव्वा किलोमीटरपेक्षा जाड बर्फ आहे तिथे झुडपं उगवत होती. २०२३ मध्ये काळ निघाला, साधारण ४ लाख १६ हजार वर्षांपूर्वीचा. ग्रीनलँडच्या तेवढ्या वितळण्याने जगभरचा समुद्र कमीत कमी १.४ मीटर चढला असा हिशोब आहे. ती ऊब हजारो वर्षं टिकली होती हे मान्य, पण तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग) आसपास होता आणि आज ४२० च्या वर आहे. हा आकडा वाचला त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आजच्या आधीचा शेवटचा उबदार काळ सव्वा लाख वर्षांपूर्वीचा, तापमान आजच्यासारखंच किंवा किंचित जास्त, आणि समुद्र आजच्यापेक्षा ६ ते ९ मीटर वर.

‘चढला तरी हळूहळू चढेल’ हेपण नेहमी ऐकू येतं. साधारण १४,५०० वर्षांपूर्वी हिमयुग संपताना समुद्र चार-पाचशे वर्षांत १५ मीटरपेक्षा जास्त चढला, म्हणजे एका पिढीत जवळजवळ मीटरभर. तेव्हा उत्तर अमेरिकेवरही बर्फाचे प्रचंड थर होते, आज ते नाहीत, पण मोठा थर एकदा ढासळायला लागला की किती भरभर जातो ते यातून कळतं.

वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, तिथे अंटार्क्टिकाच्या बर्फाचा अभ्यास चालतो. तिथल्या शास्त्रज्ञांकडून या विषयावर सोप्या मराठीत एखादी लेखमाला लिहून घ्या, एवढी कळकळीची विनंती.

– एक वाचक, मालवण