आक्षेपाला एका ओळीचे उत्तर

संपादक महोदय,

माझे लेथकामाचे छोटे वर्कशॉप आहे. माझे कॅश क्रेडिट खाते (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे उचलायचे कर्ज) एनपीए, म्हणजे थकीत, ठरले आणि बँकेने सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेण्याची मुभा बँकांना देणारा कायदा) कलम १३(२) खाली ६० दिवसांत कर्ज फेडण्याची नोटीस धाडली. कर्ज घेतले ते फेडायचे आहेच. माझा वाद रकमेचा आहे. खातेउतारा घेऊन बसलो, तर दर महिनाअखेरीला ‘इतर आकार’ अशी नोंद, आणि पुढच्या महिन्याचे व्याज तो आकार धरून फुगलेल्या बाकीवर! हा आकार कसला, असे शाखेत विचारले तर म्हणे, ‘सिस्टीमने लावलाय.’ तो दंड आकार (कर्जाच्या अटी न पाळल्याबद्दलचा) असेल, तर तो मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेचे १८ ऑगस्ट २०२३ चे परिपत्रक स्पष्ट सांगते. जुन्या खात्यांनाही ३० जून २०२४ पर्यंत ही पद्धत लागू करायची होती.

वकिलांमार्फत लेखी आक्षेप घेतला, एकेका नोंदीचा खुलासा मागितला. उत्तर आले : ‘आपले आक्षेप विचारात घेतले असून ते मान्य करता येत नाहीत.’ बस्स, एवढेच. ना हिशेब, ना कारण.

मार्डिया केमिकल्स खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपांचा विचार करून कारणे कळवण्याचे बंधन बँकांवर घातले. मग कायद्यात कलम १३(३-ए) आले. आता हे उत्तर १५ दिवसांत द्यावे लागते. पण त्या उत्तराविरुद्ध डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) दाद मागता येत नाही, हेही त्याच कलमात लिहिले आहे. दिवाणी कोर्टाचे दार कलम ३४ ने बंद. म्हणजे बँक ताब्याची कारवाई करेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे आणि नंतर ४५ दिवसांत डीआरटीकडे धावायचे. तोवर गेटवर नोटीस चिकटते, पेपरात नाव छापून येते आणि वर्षानुवर्षे उधारीवर लोखंड देणारा व्यापारी रोखीची भाषा बोलू लागतो. उद्या डीआरटीत माझा हिशेब बरोबर ठरला, तरी बाजारातली गेलेली पत कोण भरून देणार?

रिझर्व्ह बँकेने एवढे तरी सक्तीचे करावे : आक्षेपाच्या उत्तरासोबत मुद्दल, व्याज आणि दंड आकार वेगवेगळे दाखवणारा उतारा जोडावा, वादातल्या प्रत्येक नोंदीचे कारण लिहावे आणि खाली जबाबदार अधिकाऱ्याने नावानिशी सही करावी. ते हाती पडल्याशिवाय ताब्याची नोटीस काढू नये.

– एक लघुउद्योजक