ओजसचं ऑपरेशन ठरलं

प्रिय सुमे,

आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच.

ओजसचं ऑपरेशन ठरलं, बुधवारी सकाळी. बाकीच्यांना ‘छातीचं ऑपरेशन’ एवढंच सांगितलंय. पुढचं सांगायला गेले की लोक लगेच धीर देतात, आणि मला कुणीतरी नुसतं ऐकून घ्यायला हवंय. तू दादाच्या खोलीबाहेर माझ्याबरोबर बसली होतीस. दुसऱ्याच्या श्वासाकडे कान लावून रात्र काढणं काय असतं, ते तुला ठाऊक आहे.

त्याचा तो भुंकल्यासारखा खोकला तू फोनवर ऐकलास ना? दमा म्हणून पंप झाला, वाफ झाली, फरक शून्य. मग परवा दूध पिता पिता तो निळा पडला. रडणं नाही, खोकणं नाही, हातपाय सैल. श्वासच थांबला, सुमे. पाठ चोळली, आला परत.

ब्रॉन्कोस्कोपीत, म्हणजे नळीची दुर्बीण आत घालून बघतात त्यात, दिसलं, श्वासनलिकेची पुढची भिंत आत दबलीय आणि ती जागा ठोक्याठोक्याला हलतेय. सीटी स्कॅनमध्ये कारण सापडलं: इनॉमिनेट धमनी, महाधमनीच्या कमानीची पहिली शाखा. ती सगळ्यांच्याच श्वासनलिकेवरून आडवी उजवीकडे जाते. याची नलिका मऊ, म्हणून दबते. मागून अन्ननलिका दुधाने फुगली की दोन्हीकडून चेपते. पाजतानाच का व्हायचं, ते तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी कागदावर कमान काढली आणि मला तुझं जर्नल आठवलं. तू ती उलटी काढली होतीस, मी दाखवलं तर बोलणंच टाकलंस. आता सर्जनचं चित्र माझ्याकडे आहे. कमान डावीकडेच वळते, बाईसाहेब!

ऑपरेशनला एओर्टोपेक्सी म्हणतात. धमनी कापत नाहीत. थायमस म्हणून छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, तिचा थोडा भाग काढून जागा करतात, महाधमनीच्या आणि त्या धमनीच्या बाहेरच्या आवरणातून टाके घेतात आणि त्यांना पुढे ओढून छातीच्या हाडाला मागून बांधतात. धमनी आणि नलिका यांच्यामधला पापुद्रा मुद्दाम सोडवत नाहीत, म्हणजे धमनीबरोबर नलिकेची भिंतही पुढे येते. टाके आवळताना दुर्बीण आतच असते, वाट उघडली की नाही ते तिथल्या तिथे दिसतं. बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४८ साली ही शस्त्रक्रिया मांडली. इतकी वर्षं हे हात करत आलेत, हे वाचून मला खरंच बरं वाटलं.

टाक्यांची भीती मला नाही. संमतीपत्रावर रक्तस्राव, श्वासपटलाच्या नसेला इजा, सगळं लिहिलेलं होतं, ते वाचून सही केली. झोप उडालीय ती वेगळ्याच वाक्याने. डॉक्टर म्हणाले, खोकला लगेच जाणार नाही. नलिकेच्या कूर्चा मऊच आहेत, त्या घट्ट व्हायला महिने लागतील, कदाचित वर्षंही. म्हणजे घरी आल्यावरही तोच आवाज! मग नुसता आवाज कुठला आणि धोका कुठला, हे मी मध्यरात्री कसं ओळखू? रंग बघा, छाती आत ओढली जातेय का बघा, असं त्यांनी नीट समजावलंय. पण अंधारात आधी आवाजच येतो गं.

सासरे म्हणतात थांबू, वाढेल तसं सुधारेल. सौम्य असतं तर डॉक्टरही हेच म्हणाले असते. श्वास थांबलेला मी माझ्या हातात पाहिलाय, मी थांबणार नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? मन्याची परीक्षा? सविस्तर लिही, नाहीतर आलीस की सांग. कारण बुधवारी तू धावत येऊ नकोस, तेव्हा इथे माणसं भरपूर असतील. आम्ही घरी आलो की ये आणि राहा. रात्री आळीपाळीने जागू. तुझा कान माझ्याहून शांत आहे. तो खोकला एकदा तू ऐक आणि मला सांग.

तुझी,
वैजू